ताप गेला, पण भूक परतली नाही

वाचकाचे पत्र

नमस्कार डॉक्टर. आमचे गाव निपाणीपासून जवळच आहे. माझे सासरे ६७ वर्षांचे असून त्यांची सारी हयात तंबाखूच्या वखारीत गेली. १४ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. न्यूमोनिया झाला म्हणून त्यांना कोल्हापूरच्या एका दवाखान्यात ९ दिवस ठेवले होते. तिथे ते दोन घासांपलीकडे खात नव्हते, तरीही साखर ३०० च्या खाली येईना आणि इन्सुलिन सुरू करावे लागले. रक्तातील दाह दाखवणारा सीआरपी १८६ होता, तो घरी सोडताना ११ झाला. आता घरी येऊन तीन आठवडे होत आले. ताप नाही, पण थोडा खोकला आहे. चतकोर भाकरीच्या पुढे जेवण जात नाही, तोंड कडू लागते म्हणतात. वजन ५८ किलोवरून ५१ वर आले आहे. हिमोग्लोबिन ९.८ आहे, पण लोहाच्या गोळ्या एवढ्यात नकोत असे डॉक्टरांनी सांगितले. आत्याबाई म्हणतात, आजारात लंघनच बरे, भूक लागली की आपण होऊन मागतील. भाऊजींनी पुण्याहून प्रोटीन पावडरचा डबा पाठवला आहे आणि रोज फोनवर विचारतात, दिली का म्हणून. मामंजींची भूक का मेली, न खाता साखर का वाढली आणि आता त्यांना बळेच खाऊ घालावे की नाही, हे कृपया सांगावे.
— एक सून, निपाणी तालुका

उत्तर

ताई, भूक मरणे, पोटात अन्न नसताना साखर चढणे, अंगावरचे मांस झडणे आणि हिमोग्लोबिन उतरणे या चारही गोष्टींचे मूळ एकच आहे. त्या न्यूमोनियाच्या जंतूंनी थेट घडवलेल्या नाहीत. जंतूंशी झुंजताना मामंजींच्या शरीराने स्वतःच जे रासायनिक संदेश सोडले, त्यांचा हा परिणाम आहे. तो कसा होतो हे समजले तर आत्याबाईंचे म्हणणे कोणत्या दिवसांपुरते खरे होते आणि ते दिवस केव्हा संपले, हेही तुमच्या लक्षात येईल. माझे मत आधीच सांगून ठेवतो: ते दिवस दवाखान्यातच संपले आहेत, आणि आता भूक लागण्याची वाट पाहत बसणे योग्य नाही.

फुप्फुसातील वायुकोशांमध्ये महाभक्षक पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. जंतूंच्या आवरणातील विशिष्ट रेणू ओळखताच त्या सायटोकाइन नावाची लहान प्रथिने सोडू लागतात. त्यांपैकी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही तीन तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. त्यांचे पहिले काम जागेवरचे असते, म्हणजे आणखी पांढऱ्या पेशींना बोलावणे आणि रक्तवाहिन्या सैल करणे. पण संसर्ग मोठा असला की हे रेणू रक्तात उतरतात आणि यकृत, स्नायू, चरबी, अस्थिमज्जा व मेंदू या सर्वांपर्यंत पोहोचतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. शरीराचे तापमान आणि भूक या दोहोंचे नियंत्रण तिथूनच होते. सायटोकाइनच्या प्रभावाने तेथील रक्तवाहिन्यांच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचे द्रव्य तयार करतात, त्याने ताप चढतो. त्याच सुमारास भूक चेतवणाऱ्या चेतापेशी मंदावतात आणि पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या चेतापेशी जाग्या होतात. छाती-पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नावाची नसही हाच निरोप पोहोचवते. प्रयोगशाळेतील उंदराला एकही जंतू न देता केवळ इंटरल्युकिन-१ टोचले, तरी तो खाणे सोडतो आणि कोपऱ्यात अंग चोरून बसतो. त्यामुळे दवाखान्यात मामंजी ताट सारून देत होते, त्याला हट्ट किंवा नाटक म्हणता येणार नाही. त्यांच्या मेंदूला तसा आदेशच मिळालेला होता.

या रेणूंचा चयापचयाशी असलेला संबंध ज्या वाटेने उलगडला ती वाट मला नेहमीच विलक्षण वाटते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील अँथनी सेरामी यांना आफ्रिकेतील जनावरांच्या एका रोगाने कोड्यात टाकले होते. ट्रिपॅनोसोम नावाच्या परजीवीमुळे होणाऱ्या या रोगात जनावरे हाडांचा सापळा होऊन मरत, पण त्यांच्या रक्तात परजीवी फारसे सापडत नसत. सशांमध्ये हाच संसर्ग घडवून पाहिल्यावर त्यांच्या रक्तात चरबी साचल्याचे दिसले, कारण रक्तातील चरबी उचलून साठवणाऱ्या विकराचे काम बंद पडले होते. महाभक्षक पेशींतून निघणारे कोणते तरी द्रव्य हे काम बंद पाडते असा माग लागला, आणि सेरामी व त्यांचे सहकारी ब्रूस बॉयट्लर यांनी ते वेगळे काढून त्याला कॅकेक्टिन म्हटले. १९८५ मध्ये स्पष्ट झाले की हे कॅकेक्टिन म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी १९७५ मध्ये उंदरांतील गाठी नष्ट करणारा घटक म्हणून वर्णिलेला टीएनएफच आहे. गाठीवर हल्ला करणारा आणि देह झिजवणारा रेणू एकच निघाला. अर्थात सारे काही एकट्या टीएनएफमुळे घडत नाही. हे रेणू एकमेकांना चेतवतात, आणि एकाला रोखले तरी बाकीचे काम चालू ठेवतात.

आता साखरेचा प्रश्न, जो मला दररोज कोणीतरी विचारते: "डॉक्टर, पोटात अन्नाचा कण नाही, मग साखर आली कुठून?" ती यकृतातून आली. लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना तातडीने जळणारे इंधन लागते आणि ते मुख्यतः ग्लुकोज असते. सायटोकाइनमुळे कॉर्टिसोल, ॲड्रिनॅलिन आणि ग्लुकागॉन ही संप्रेरके वाढतात आणि यकृताला ग्लुकोज तयार करायला लावतात. त्याच वेळी टीएनएफ स्नायू आणि चरबीच्या पेशींना इन्सुलिनचा संदेश नीट ऐकू देत नाही, म्हणून त्या पेशी रक्तातील ग्लुकोज उचलत नाहीत आणि ते पांढऱ्या पेशींसाठी शिल्लक राहते. निरोगी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून याची भरपाई करते. १४ वर्षांच्या मधुमेहात ती ताकद उरलेली नसते, म्हणून मामंजींची साखर ३०० वर राहिली. तिथल्या डॉक्टरांनी न जेवणाऱ्या माणसाला इन्सुलिन दिले ते योग्यच केले.

यकृताला हे ग्लुकोज तयार करायला कच्चा माल लागतो, आणि तो मुख्यत्वे स्नायूंतील प्रथिने मोडून मिळतो. आत्याबाईंच्या मनात लंघन आणि एकादशीचा उपवास एकाच माळेत बसलेले असावेत, पण शरीराच्या हिशेबात ते दोन निराळे व्यवहार आहेत. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर शरीर हळूहळू चरबीवर जगू लागते. चरबीपासून कीटोन तयार होतात, मेंदू ते वापरू लागतो आणि स्नायूंची मोड कमी होते. मोठ्या संसर्गात ही काटकसर जमत नाही. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा उर्जाखर्च सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, यकृताला सीआरपीसारखी संरक्षक प्रथिने भराभर तयार करायची असतात, आणि या साऱ्याचा भार स्नायूंवर पडतो. पावसाने ओढ दिली म्हणून कणगीतले बियाणेच दळून खावे, तसे हे आहे: तेवढ्यापुरता जीव जगतो, पण पुढच्या पेरणीची सोय उरत नाही. लंडनच्या अतिदक्षता विभागांतील रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूचा छेद १० दिवसांत जवळजवळ १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. मामंजी इतके गंभीर नसतील, पण गेलेल्या ७ किलोंत चरबीइतकाच किंवा त्याहून जास्त वाटा स्नायूंचा असण्याची शक्यता आहे. जिना चढताना किंवा खाटेवरून उठताना त्यांना हाताचा आधार घ्यावा लागत असेल, तर त्याचे कारण हेच.

मग शरीर भूक मारते तरी कशासाठी? आत्याबाईंची बाजू इथे खरोखर भक्कम आहे, आणि ती तुम्ही त्यांना मोकळेपणाने सांगावी. आयुर्वेदाने तापाच्या आरंभी लंघन सांगितले आहे, आणि आधुनिक प्रयोगांतही त्याला दुजोरा देणाऱ्या गोष्टी सापडतात. १९७९ मध्ये अमेरिकेत लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग झालेल्या उंदरांना नळीने बळेच खाऊ घातले, तेव्हा त्यांच्यात मृत्यू वाढले. २०१६ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी तोच धागा पुढे नेला. जिवाणूंच्या संसर्गात उंदरांना ग्लुकोज देणे घातक ठरले, पण इन्फ्लुएंझाच्या विषाणूने आजारी उंदरांत नेमके उलटे झाले आणि खाऊ घातलेले उंदीर अधिक तगले. उंदरांवरून माणसाचा निवाडा करता येत नाही, पण माणसांतही एक मोठा दाखला आहे. बेल्जियममध्ये अतिदक्षता विभागातील ४,६४० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तोंडाने किंवा नळीने पुरेसे अन्न जात नसलेल्यांपैकी काहींना शिरेतून पूर्ण पोषण लगेच पहिल्या दोन दिवसांत दिले आणि काहींना आठवड्यानंतर. लवकर दिलेल्यांना अधिक संसर्ग झाले आणि बरे होण्यास अधिक वेळ लागला. तेव्हा आजाराच्या ऐन भरात दोन घास कमी गेले म्हणून घरच्यांनी जिवाला घोर लावून घेऊ नये, पाणी आणि औषध मात्र चुकवू नये, एवढा भाग लंघनाच्या बाजूने मान्य करायलाच हवा.

पण तो काळ केव्हा संपतो? याचे उत्तर तुमच्याच पत्रात, सीआरपीच्या आकड्यांत आहे. इंटरल्युकिन-६ चा निरोप मिळाला की यकृत सीआरपी तयार करते. निरोप थांबला की रक्तातील सीआरपी साधारण दर १९ तासांनी निम्मा होतो. म्हणून १८६ वरून ११ पर्यंत उतरलेला सीआरपी असे सांगतो की सायटोकाइनचा तो मोठा लोट ओसरला आहे. याचा आहाराशी थेट संबंध आहे. स्वित्झर्लंडमधील ८ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या सुमारे २,००० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना रुग्णालयाचे नेहमीचे जेवण मिळाले त्यांच्यापैकी ३० दिवसांत सुमारे १० टक्के दगावले, आणि ज्यांना आहारतज्ज्ञांनी प्रत्येकाच्या गरजेनुसार ठरवलेला आहार मिळाला त्यांच्यापैकी सुमारे ७ टक्के. पुढे याच माहितीची सीआरपीनुसार विभागणी केली, तेव्हा १०० च्या वर सीआरपी असलेल्यांना या खास आहाराचा असा फायदा झालेला दिसला नाही. फायदा झाला तो सीआरपी त्याखाली असलेल्यांना. दाह पेटलेला असताना घातलेले अन्न शरीर नीट वापरूच शकत नाही, आणि तो शमला की तेच अन्न कामी येते. तुमच्या मामंजींचा सीआरपी आज दुसऱ्या गटात आहे. फक्त एक बघा: दोन्ही तपासण्यांच्या कागदावर एकक एकच, म्हणजे मिलिग्रॅम प्रति लिटर, आहे ना. काही प्रयोगशाळा डेसिलिटरमध्ये आकडा देतात, आणि कोल्हापूरचा एक कागद नि निपाणीचा दुसरा असे असले की दहापटीचा घोटाळा सहज होतो.

हे सारे ठीक असेल तर शरीराचा खाण्यावरचा बंदीहुकूम उठलेला आहे. तरी भूक का नाही? वयामुळे भूक मुळातच मंद असते, अंगात ताकद नाही म्हणून हालचाल नाही, हालचाल नाही म्हणून भूक नाही, आणि तोंडाला चव नाही. साठीच्या पुढच्या माणसाची भूक अशी आपोआप परतायला कित्येक आठवडे लागतात आणि तेवढ्यात आणखी स्नायू जातात. म्हणून आता भुकेवर न विसंबता घड्याळावर विसंबावे. बळजबरी करायची नाही, पण मागण्याची वाटही पाहायची नाही. दर अडीच-तीन तासांनी, दिवसातून सहा वेळा, मूठभर का होईना, पण समोर ठेवायचे.

काय ठेवायचे, यात आपल्याकडे एक जुनी गैरसमजूत आहे. आजाऱ्याचे अन्न म्हटले की तांदळाची पेज, कानडी शेजारणीची गंजी, किंवा मटणाचे अळणी. पेज पोटाला सोपी आहे आणि पाणी पुरवते, पण तिच्यात प्रथिने नगण्य असतात आणि मधुमेह्याची साखर ती झपाट्याने वाढवते. अळणीने तोंडाला चव येते, पण प्रथिने असतात ती तळाशी राहिलेल्या फोडींत, आणि त्या बहुतेक घरांत दुसऱ्याच कोणाच्या तरी ताटात जातात. मामंजींना सध्या वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत, मात्र त्यांचे क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री झाल्यावरच. १४ वर्षांच्या मधुमेहात ही तपासणी टाळू नये. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांत ७, आणि वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच प्रथिने असतात. पातळ आमटीच्या वाटीचा हिशेब याच्या निम्माही भरत नाही. सकाळी नाचणीच्या आंबिलात पाण्याऐवजी ताक आणि वर शेंगदाण्याचे कूट, थोड्या वेळाने उकडलेले अंडे, दुपारी मऊ भाकरी कुसकरून तिच्यावर कुळथाचे किंवा मुगाचे घट्ट कढण, संध्याकाळी दही, रात्री मऊ खिचडीवर चमचाभर तूप आणि झोपताना बिनसाखरेचे दूध, असा दिवस बसवता येईल. घरात मांसाहार चालत असेल तर चिकन किंवा मासळी आठवड्यातून तीन-चार वेळा द्यावी. भाऊजींची पावडर वर्ज्य नाही. क्रिएटिनिन ठीक असेल तर एक-दोन चमचे दुधात घालून द्या, भाऊजींच्याही जिवाला बरे वाटेल. पण आधी डब्यावर साखरेचे प्रमाण पाहा, कारण शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ भुकट्यांत पहिला घटक साखरच असतो. आणि बेळगावहून कोणी पाहुणा कुंद्याचा डबा घेऊन भेटायला आला, तर तो इतरांनी संपवावा.

प्रमाण मात्र एकदम वाढवू नका. कित्येक दिवस फार कमी खाल्लेल्या माणसाला अचानक भरपूर पिष्टमय अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आज जेवढे जाते त्याच्या दीडपट करा आणि चार-पाच दिवसांत हळूहळू पूर्ण मापावर या. पायांवर सूज, धाप किंवा छातीत धडधड जाणवली तर दवाखान्यात दाखवावे. प्रथिने खाल्ल्याने स्नायू आपोआप भरत नाहीत, त्यांना कामही लागते. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, पाच-सहा वेळा, दिवसातून तीनदा, एवढ्यावर सुरुवात करावी. पुढे अंगणात आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत जावे.

कडू तोंडाबद्दल सांगायचे तर संसर्गात इंटरल्युकिन-६ मुळे रक्तातील जस्त यकृतात ओढले जाते आणि चवीत बदल होण्यास ते हातभार लावू शकते. काही प्रतिजैविकांनीही तोंडाला धातूसारखी किंवा कडू चव येते, पण ती औषधे बंद होऊन आठवडे झाले असतील तर तो दोष राहत नाही. त्यापेक्षा उजेडात मामंजींची जीभ आणि गालांची आतली बाजू पाहा. दह्यासारखे पांढरे थर दिसले आणि पुसले असता खाली लालसर भाग दिसला, तर ती बुरशी आहे. प्रतिजैविके घेतलेल्या मधुमेही वृद्धांत ती नेहमी आढळते आणि साध्या औषधाने जाते. लिंबाची फोड, आल्याचा तुकडा, किंचित आंबट ताक यांनी चव थोडी खुलते. कवळी असेल तर वजन उतरल्यावर ती सैल होते आणि माणूस चावायलाच कंटाळतो, हेही एकदा तपासावे.

लोहाच्या गोळ्या थांबवण्याचा डॉक्टरांचा सल्ला बरोबर होता, आणि त्यामागेही तेच इंटरल्युकिन-६ आहे. जंतूंना वाढीसाठी लोह लागते. म्हणून संसर्ग झाला की इंटरल्युकिन-६ यकृताला हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडायला लावते. ते आतड्यातून लोह शोषणे रोखते आणि शरीरातील लोह पेशींमध्ये कोंडून ठेवते. परिणामी लोह असूनही रक्त तयार व्हायला मिळत नाही आणि हिमोग्लोबिन उतरते. त्या काळात दिलेल्या गोळ्या बहुतांशी शौचावाटे जातात आणि पोट मात्र बिघडवतात, म्हणजे असलेली भूकही घालवतात. आता सीआरपी उतरला आहे, तेव्हा फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासून मगच ठरवावे. फेरिटिन दाहात खोटेच वाढते, म्हणून ते सीआरपीसोबतच तपासायला सांगा. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ कमी झालेले अनेकदा सापडते.

एका गोष्टीबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. दवाखान्यात सायटोकाइनमुळे इन्सुलिन निष्प्रभ होत होते, म्हणून डोस वाढवलेला असणार. आता दाह ओसरल्यामुळे तेच इन्सुलिन पूर्ण जोराने काम करते, आणि मामंजी तर चतकोर भाकरीवर आहेत. जुना डोस किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तशीच चालू असेल तर साखर एकाएकी खूप उतरू शकते, विशेषतः पहाटे. पुढचे काही दिवस सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपण्याआधी साखर मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवून डोस ठरवून घ्या. आकडा ७० च्या खाली आला, किंवा घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले, तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावाची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण फारसे न खाणाऱ्या माणसात या गोळ्यांमुळे साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साचू शकते. स्वतःच्या मनाने मात्र इन्सुलिन बंद करू नका.

शेवटी खोकल्याबद्दल, जो तुम्ही पत्रात एका ओळीत उरकला आहे. वर सांगितलेला सायटोकाइनचा खेळ न्यूमोनियात आठवड्या-दोन आठवड्यांत आटोपतो, पण क्षयरोगात तो महिनोन्‌महिने मंद आचेवर चालू राहतो आणि माणूस हळूहळू वाळत जातो. मधुमेह्यांना क्षयाचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, आणि न्यूमोनिया समजून उपचार झालेल्यांत पुढे क्षय निघाल्याची उदाहरणे विरळ नाहीत. जुन्या आयुर्वेदानेही तापातील लंघनाला क्षयातून आलेल्या तापाचा अपवाद केलेला आहे, हे आत्याबाईंच्या कानावर जरूर घाला. मुदतीच्या तापातही डॉक्टर एके काळी रोग्याला आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवत. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी एकोणिसाव्या शतकात या प्रथेविरुद्ध आवाज उठवला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या वॉरन कोलमन यांनी विषमज्वराच्या रोग्यांना भरपूर, प्रसंगी दिवसाला ४,००० कॅलरीपर्यंत आहार देऊन त्यांची झीज थोपवता येते हे दाखवले. लांबलेल्या आजारात लंघनाला आधार उरत नाही, तो तेव्हापासूनच.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे आणि वजन उतरले आहे, म्हणून थुंकीची तपासणी आणि छातीचा नवा एक्स-रे या आठवड्यातच करून घ्या. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि गावच्या आशाताईंना सांगितले तर नमुना द्यायची व्यवस्था त्या करून देतील. क्षय निघालाच तर उपचाराइतकाच आहारही महत्त्वाचा ठरतो. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे नेतृत्व मंगळूरच्या डॉ. अनुराग भार्गव यांनी केले, रुग्णांच्या घरच्यांना धान्य आणि डाळीचा जादा शिधा दिल्यावर त्यांच्यात क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी निघाले. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाला दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. क्षयरुग्णांची सरकारी नोंदणी देशभर एकच असल्याने निपाणीत नाव घालून पुढचे उपचार कोल्हापुरात घ्यायचे ठरले तरी अडत नाही. नोंदणी क्रमांक आणि बँक पासबुकाची प्रत तेवढी जवळ ठेवा. तपासणीत काही निघाले नाही, तर दर आठवड्याला एकाच वजनकाट्यावर, सकाळी, त्याच कपड्यांत मामंजींचे वजन करा. वर सांगितलेला आहार नीट जात असूनही महिनाभरात एक किलोही वाढले नाही, तर माझ्या पुढच्या पत्राची वाट न पाहता त्यांना फिजिशियनकडे न्यावे.